मेलेल्या शेठची नक्कल

मयताला रडणं हा माझा धंदा. रोममध्ये कुणी पैसेवाला गेला की मी केस मोकळे सोडून पुढे चालते, आणि फिलेरोस मयताचा मुखवटा चढवून मागून त्याची नक्कल करत येतो. लोक हसतात, घरच्यांनाही बरं वाटतं. रीतच आहे तशी.

तेलाचा व्यापारी लार्किउस मेला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ह्याच मेल्यानं फिलेरोसच्या भावाला, झोसिमसला, एक रांजण फुटला म्हणून वखारीच्या दारात नोकराकरवी चाबकानं मारून मारून संपवलं होतं. गुलामच तो, विचारणार कोण? आणि आता लार्किउसच्या पोरांनी नकलेला बोलावलं कुणाला, तर फिलेरोसला. मेलेल्या गुलामाला भाऊ आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मुखवट्यावर थुंक," मी म्हटलं. "भर चौकात शेण फास त्याला."

"मग फटके मलाच बसतील, आणि लोक म्हणतील, नट पिऊन आला होता."

आधी तो असा नव्हता हो. भाऊ गेल्यावर रागाच्या भरात भलत्याच माणसाचं डोकं फोडून बसला होता. मग तो देमेआस नावाच्या, स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञ म्हाताऱ्याकडे जायला लागला. राग आला की हात आवर, आरशात आपलं तोंड बघ, डोकं थंड झालं की जे करायला हवं तेवढंच कर, असं म्हातारा शिकवायचा. मला ही भेकडांची शिकवण वाटायची. कडाडून भांडले मी त्या म्हाताऱ्याशी. फिलेरोस आपला आरशासमोर लार्किउससारखी मान वळवून बघत बसायचा.

अंत्ययात्रा चौकात आली. आधी त्यानं लार्किउसचं डुलत चालणं करून दाखवलं, लोक खदखदून हसले. मग तो पायरीवर बसला, अंजीर सोलायला लागला, आणि समोर कुणी नसताना गोड आवाजात म्हणाला, "सावकाश मार रे. घाई कुणाला आहे?"

हसू बंद झालं.

थोरला मुलगा ओरडला, "आमचे बाबा असे नव्हते!"

"अस्सेच होते," लार्किउसच्या वखारीसमोर भाजी विकणारी म्हातारी गर्दीतून म्हणाली. मग तिच्या शेजारची बोलली, मग एक हमाल. फिलेरोस अंजीर सोलतच होता. माझ्या जिवाची आग तेव्हा कुठे निवली. मी रडणं थांबवलं. माझ्याबरोबर रडणाऱ्या बायकांनीही थांबवलं.

लोक एकेक करून माघारी फिरले. चितेपर्यंत लार्किउसच्या मागे घरचे तेवढे गेले.