झोपली तर पास!

तेलाचा डाग लुगड्यावर पडला की कितीही घासा, जात नाही. आमच्या मालिशच्या क्लासचे किस्से तसलेच. एक आठवायला जावं तर चार चिकटून येतात! नातसुना लगेच म्हणतात, "आजी, झालं का सुरू?" झालं बायांनो. बसा.

हे तेव्हाचं, जेव्हा हिंजवडीत कंपन्यांच्या गाड्या नव्हत्या, नुसती भातखाचरं आणि बैलगाड्या. घोटावड्याच्या अलीकडे एक निसर्गोपचाराचं केंद्र निघालं होतं. पुण्या-मुंबईची खाऊनपिऊन सुखी माणसं तिथं उकडलेला दुधी खायला यायची. बायकांना मालिश करायला बायकाच हव्यात, म्हणून आसपासच्या गावांतून आम्हाला गोळा केलं. नेऱ्याची शेवंता, डोंगरावरच्या वाडीतली गौराक्का आणि मी, हिरा. शिकवायला पुण्याच्या एक बाई होत्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेशंटला झोप लागली, तर तुमचा हात खरा. शेवटच्या परीक्षेत झोपली तर पास, नाही तर घरी!"

घरी म्हटलं की मला सासूबाई दिसायच्या. ह्यांनी आपल्या आईच्या मागे भुणभुण लावून कशीबशी परवानगी काढली होती. सासूबाईंनी बजावलं होतं, "नापास झालीस की गप घरी बसायचं. लोकांची अंगं चोळनारी सून नगं मला." आणि मला तर ते काम मनापासून आवडायला लागलं होतं. त्या खोलीत शिरलं की वाटायचं, हे माझं आहे. आधी असं कधी कशाबद्दल वाटलं नव्हतं.

*

सुरुवातीला हात बसवायचा तो एकमेकींवर. पण टेबलावर आडवी व्हायला एक तयार होईना! सुनेनं भरदिवसा आडवं पडायचं? ते बाळंतपणात नाही तर तापात.

शेवटी बाईंनी शेवंताला दरडावून झोपवलं. मी तिच्या पाठीला हात लावते न लावते तोच बाहेर कुणीतरी खाकरलं. शेवंता ताडकन उठली, टॉवेलच डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, काय झालं?" बाई घाबरल्या.

"मामंजी आलं वाटतं!"

बाहेर माळीबुवा झाडांना पाणी घालत होते. सासरा तिचा तिकडे नेऱ्यात! आम्ही पोट धरून हसलो. पण नंतर मी टेबलावर झोपले तेव्हा माझाही एक कान दाराकडेच होता.

*

गौराक्काचे हात म्हणजे सुपाएवढे. जन्म सगळा गुरांत गेलेला. तिच्या वाट्याला मुंबईच्या एक शेठाणीबाई आल्या, अंगानं चांगल्याच भरलेल्या. पाठ झाली, आता कुशीवर वळवायचं. पण शेठाणीबाई काही हलेनात.

गौराक्कानं जिभेनं टॉक् टॉक् केलं, कमरेवर एक थाप मारली आणि म्हणाली, "हं, फिर!"

शेठाणीबाई वळल्या की हो!

आमच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "गौराक्का, ते बैल नाहीत. उद्यापासून 'ताई, जरा वळता का?' असं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी गौराक्का मधात बोट बुडवल्यासारखी म्हणाली, "ताई, जरा वळता का?" काही नाही. परत म्हणाली. काही नाही. शेवटी उशीतूनच आवाज आला, "अहो, कालचं म्हणा ना!"

*

मालिश करताना बोलायचं नाही, आणि टेबलावर ऐकलेलं दाराबाहेर न्यायचं नाही, हे बाईंचे आणखी दोन नियम. शेवंतासाठी म्हणजे फाशीच! ती झोपेतसुद्धा बोलायची.

एकदा एका पेशंटनं तासभर आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. शेवंता ओठ दाबून चोळत राहिली. बाहेर आली ती लालबुंद होऊन. "बाई, मी एक शबुद बोलले न्हाई. पन आता हे पोटात मावना! कुनाला सांगू?"

"कुण्णाला नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंता हसत हसत हजर. बाईंना संशय आला. "कुणाला सांगितलंस?"

"म्हशीला."

बाईंना रागवावं की हसावं कळेना. त्यांनी विचारलं, "मग? काय म्हणाली म्हैस?"

"सुनंचं बराबर हाय म्हनली."

*

आता माझा पराक्रम. सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं. हळद लावायला बायका जमल्या, त्यात मीही हात घातला. तेव्हा क्लासचं वारं अंगात शिरलेलं. इतर बायका गालाला बोट लावून बाजूला झाल्या आणि मी मात्र मानेपासून खांद्यापर्यंत बाईंनी शिकवल्याप्रमाणे लांब लांब हात मारत बसले. बिचारी पोर रात्रभर जागी. पाटावर बसल्या बसल्या तिची मान कलली ती कललीच!

तिकडे वऱ्हाड वेशीत, वाजंत्री वाजतंय, भटजी घड्याळ बघतायत, आणि इकडे नवरी घोरतेय! तोंडावर पाणी मारलं तेव्हा म्हणाली, "आजून थोडं खाली चोळा."

सासूबाईंनी भर मांडवात हात जोडले. "बायांनो, हिला कुनाच्या अंगाला हात लावू दिऊ नका गं!"

मी वरकरणी मान खाली घातली. खरं सांगू? मनातून मला गुदगुल्या होत होत्या.

*

मग आली परीक्षा. प्रत्येकीनं आपल्या घरची एक बाई आणायची होती. शेवंतानं आईला आणलं. ती टेबलावर पडल्या पडल्या झोपली, शेवंतानं तेलाची वाटी उचलायच्या आत! बाई म्हणाल्या, "ही झोप चालणार नाही. उठवा तिला." गौराक्काची जाऊ मात्र रीतसर झोपली आणि गौराक्का पास झाली.

माझ्याबरोबर यायला जाऊबाई तयार होती. पण सकाळी बघते तर सासूबाईच नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या. "मी येनार. भाताची आवनी तोंडावर आलीय, मला घरात मानूस पायजे. बघतेच तू कशी पास व्हतीस."

केंद्रात आल्या आल्या त्यांनी तपकीर ओढली आणि बाईंना ठणकावून सांगितलं, "मी न्हाई झोपायची. सासू हाय मी!"

टेबलावर पडल्या त्या टक्क डोळे उघडे ठेवून. मी हात घासून गरम केले आणि उजव्या पायापासून सुरुवात केली. त्या पायाला मी रोज नमस्कार करत आले होते, पण हातात कधी घेतला नव्हता. टाचेला बोट शिरेल एवढ्या भेगा, पोटरी चिखलात उभी राहून राहून लाकूड झालेली. मी परीक्षाबिरीक्षा विसरले आणि नुसता तो पाय चोळत राहिले.

झोप येऊ नये म्हणून सासूबाईंनी माझी गाऱ्हाणी सुरू केली. "बाई, ही उशिरा उठती. भाकरी जाड थापती. म्हायेरचं कुनी आलं की हिचं बोलनंच सपत न्हाई. आन् कालवनात मीठ..."

बाई म्हणाल्या, "मिठाचं काय?"

"मीठ... आपलं... मीठ..."

आणि असं घोरायला लागल्या की बाहेरून माळीबुवा डोकावले!

पण पुढच्याच क्षणाला स्वतःच्याच घोरण्यानं दचकून जाग्या झाल्या. उठून बसल्या, पदर सारखा केला. "झोपले न्हाई मी. डोळं मिटून इचार करत व्हते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "असं? तुम्ही म्हणता तर तसं. म्हणजे हिरा नापास. उद्यापासून यायचं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी वाटी खाली ठेवली आणि टॉवेलची घडी घालायला घेतली.

सासूबाई टेबलावरून उतरेनात. त्यांनी उजवा पाय हलवून पाहिला. मग डावा. मग परत उजवा.

"आवो बाई, आशी कशी नापास?" त्या एकदम कडाडल्या. "आजून हा डावा पाय ऱ्हायलाय की!"

आणि पुन्हा आडव्या झाल्या. डोळे आधीच मिटून.