जास्तीचे अंक

परंड्याच्या बसस्टँडवर तात्यांचा पेपरचा स्टॉल होता. शुगरनं त्यांची नजर गेली होती. तरी साप्ताहिकाचा नवा अंक आला की ते मुखपृष्ठावरच्या पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर बोटं ठेवत, डॉक्टर नाडी बघतो तशी. मग म्हणत, "गरम हाय." किंवा नुसतंच, "थंड."

थंड निघाला की ते एजंटाला फोन करून त्या अंकाच्या जास्तीच्या प्रती मागवत. "मेलेल्याचा अंक लई खपतो, माय," असं ते मला एकदा शांतपणे म्हणाले. मंत्री असो नाहीतर बँकेचा मालक, थोड्याच दिवसांत बातमी येई आणि प्रती संपून जात. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, असं मला मनापासून वाटे. पण कुर्डुवाडीची बस येईपर्यंत मी त्यांना अंक वाचून दाखवायची, तेव्हा फोटोला माझं बोट लागू देत नसे.

एकदा मुखपृष्ठावर आमच्याच भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन आले. 'जिल्ह्याची सूत्रं कुणाच्या हाती?' मी वाचत होते, तेवढ्यात गाडीतून साहेब स्वतःच उतरले.

"काय तात्या, माझे किती जास्त मागवले?" ते हसत म्हणाले. पण उत्तर येईपर्यंत त्यांचा श्वास अडकला होता, हे मला दिसत होतं.

तात्यांनी फोटो चाचपला. "एक बी न्हाय. गरम हाय."

साहेबांनी खुशीनं त्यांचा हात हातात घेतला. तात्यांनी तो सोडलाच नाही.

"साहेब, फोटोचं ऱ्हाऊ द्या. हात थंड हाय. तुमी आजच सोलापूरला दवाखान्यात जावा."

"आज सभा हाय, तात्या. उद्या बघू."

"उद्या नगं, साहेब."

साहेबांनी हात सोडवून घेतला आणि गाडीत बसले. संध्याकाळी भाषण करता करताच ते स्टेजवर कोसळले.

पुढच्या आठवड्यात श्रद्धांजलीचा अंक आला. एजंटानं न मागताच मोठा गठ्ठा टाकला होता.

"फोटो त्योच हाय का?" तात्यांनी विचारलं.

"तोच आहे."

त्यांनी बोटं टेकवली आणि झटकन मागं घेतली.

"अजून गरमच हाय, माय. ह्याला कुणी सांगितलंच न्हाय."

गिऱ्हाईकं मागत होती. तात्या प्रत्येकाला "संपले" म्हणत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्या गठ्ठ्यावर पांघरलं. फोटोतलं तोंड मात्र उघडं ठेवलं.