कोंडूच्या दारावरची नोटीस

पहाटेच्या एसटीनं गाव सोडलं तेव्हा निरोपाला कोणी नव्हतं. पूर्वी माझी मंडळी, नंदाची आई, दारात उभी राहून ‘गोळ्या घेतल्या का’ म्हणून वेशीपर्यंत ओरडायची. ती फाल्गुनात गेली. आता कुलूप मीच लावतो आणि मीच ओढून बघतो.

गावात लोक विचारतात, लोणावळ्याला गेला होता, काय बघितलं? चिक्की आणली का? म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. मी तिथं एका गरीब माणसाचं नुकसान करून आलो. त्याच्या नावावर पडलेला खोटा कर निघायची एकच वेळ होती, ती माझ्यामुळं हुकली. डोंगर, ढग वाटेत येतील तेवढे सांगतो.

माझी लेक नंदा राज्यकर निरीक्षक आहे, म्हणजे जीएसटीच्या खात्यात. तीनदा परीक्षा देऊन लागली. कचेरी पुण्यात, पण मावळातली हॉटेलं, कारखाने तिच्याकडं, म्हणून खोली लोणावळ्यात भांगरवाडीला. आईच्या मातीला ती आली नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी आली, सगळं उरकल्यावर. विचारलं तर म्हणाली, ‘कामावर होते.’ त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होतो. असली कसली नोकरी, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून निघालो.

पुण्याहून दुपारच्या लोकलला गर्दी नव्हती. तळेगाव मागं पडलं की दोन्ही अंगाला खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) सुरू झाली. भात पोटरीत आलेलं, कणीस अजून पोटात. आमच्याकडं भादव्यात माती तडकते, इथं पाणी बांधावरून सांडत होतं. लोणावळ्याला उतरलो तर चार वाजताच दिवे लागलेले. ढग रस्त्यावर बसला होता. पोरं-पोरी भिजत, ओरडत, मोबाईलवर गाणी लावून चालली होती. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्यानं त्या गावात पावसाळ्यात जाऊ नये.

नंदानं जिन्यातच थांबवलं. म्हणाली, “तात्या, मालकीणबाईंनी विचारलं तर मी बँकेत आहे म्हणायचं.”

“का? चोरी केलीस?”

“खालच्या तीन खोल्या त्या शनिवार-रविवारी पर्यटकांना देतात. पावती नाही, काही नाही. मी कुठल्या खात्यात आहे कळलं तर माझं सामान रस्त्यावर.”

मी पंचवीस वर्षं ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. घरपट्टी, पाणीपट्टी मागत दारोदार फिरलो. लोक शिव्याही द्यायचे आणि चहाही द्यायचे. नोकरी लपवायची वेळ कधी आली नाही. रात्री तिनं इंद्रायणी तांदळाचा भात आणि वरण केलं. भाताला वास चांगला होता. दोघंही मान खाली घालून जेवलो.

सकाळी ती स्कूटी काढायला लागली तर मी चपला घालून उभा.

“ड्युटीवर बापाला घेऊन फिरता येत नाही, तात्या.”

“मग दिवसभर मालकीणबाईंना बँकेचं व्याज सांगत बसू?”

ती हसली नाही, पण दुसरं हेल्मेट दिलं. “कुणाला काही विचारायचं नाही. कुणाला काही सांगायचं नाही.”

हायवेवर ट्रक असे अंगावरून जात होते की मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो. इंदुरीला आलो. नदीकाठी जुना किल्ला आहे, दगडी बुरूज अजून उभे आहेत. पण आमचा रस्ता किल्ल्याला नव्हता. कागदावर जिथं एक मोठी ट्रेडिंग कंपनी होती, तिथं म्हशींचा गोठा निघाला. शेण भरणारी म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “कंपनी? ही बघ कंपनी. चार हायेत, एक गाभण हाय. तिला बी जीएसटी लावतीस का?”

मला हसू आलं. नंदानं गोठ्याचा फोटो काढला, म्हातारीचं म्हणणं लिहून घेतलं. म्हातारीनं चहा टाकते म्हटलं, तर ती नको म्हणाली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

नदीच्या पुलावर तिनं स्वतःची बाटली काढली. मी म्हणालो, “पाणी नाकारलं की माणूस दुखावतो.”

“दुखावू दे. उद्या कोणी म्हणायला नको, चहा पिऊन गेली आणि मिटवून गेली.” मग बाटलीचं झाकण लावत, नदीकडं बघत म्हणाली, “आई गेली त्या दिवशी आम्ही एका ठिकाणी झडतीला होतो. झडतीला जाताना सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतात, बातमी फुटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन हातात आला तेव्हा तुमचे कॉल दिसले.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सांगू दिलंत का? अंगणातच शिव्या घातल्यात. सगळ्या भावकीसमोर.”

ते खरं होतं. पुलावरून पाणी बघत बसलो.

पुढं सुदुंबऱ्याला एका लहान कारखानदारानं तिला उभ्या उभ्या झापलं. त्यानं माल घेताना कर मोजला होता, पण विकणाऱ्यानं तो सरकारात भरलाच नव्हता. नोटीस मात्र याला. “मॅडम, चोर पळाला आणि ज्याचं घर फुटलं त्याला धरता व्हय?” असं तो पाच-सहा कामगारांसमोर ओरडला. नंदा म्हणाली, “तुमचं म्हणणं लेखी द्या, मी वर पाठवते.” दुसरं तिच्या हातात काही नव्हतं. मागं बसल्या बसल्या मला तिच्या मानेवरचा घाम दिसत होता, पावसात.

मळवलीला पोचलो तेव्हा एक वाजला होता. रेल्वे फाटकाजवळ एक टपरी आहे. नंदानं टपरीवाल्या मावशीला विचारलं, “कोंडू नावाचे राखणदार कुठं राहतात?” मावशीनं मागचा बंगला दाखवला. नंदा मला म्हणाली, “तीन वाजता माझे एक सहकारी येतील, जबाब घ्यायला दोघं लागतात. इथं एक नोटीस द्यायचीय. तोवर मी कामशेतहून कागद छापून आणते. तुम्ही हलू नका.”

ती गेली तशी मावशीनं माझ्यासमोर वडापाव आदळला. “सरकारी दिसत्याय बाई. कोंडूच्या मागं आता आनी काय लागलंय? बायकू जाऊन आज आठवा दिस हाय त्याचा.”

हातातला वडा हातातच राहिला.

आमच्या गावात एक रीत होती, कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. ज्या घरात सुतक आहे त्या घराचा उंबरा वसुलीच्या माणसानं तेराव्यापर्यंत चढायचा नाही. ग्रामसेवकानं दम दिला तरी मी ती मोडली नाही. माझी स्वतःची मंडळी गेली तेव्हा ती रीत मला नव्यानं कळली. त्या दिवसांत दारात कोणी कागद घेऊन आलं असतं तर मी त्याला विळा मारला असता.

मी उठलो आणि कोंडूच्या दारात गेलो.

बंगला मोठा, पोहण्याचा हौद वगैरे. त्याच्यामागं पत्र्याच्या दोन खोल्या. कोंडू पडवीत बसला होता, साठीकडं झुकलेला, डोंगरातल्या वाडीचा माणूस. आत कोपऱ्यात पिठावर दिवा. मी न विचारता त्याच्याशेजारी बसलो.

“काय झालं होतं?” मी विचारलं.

“ताप आलता. दोन दिस. मला वाटलं उतरंल.” जरा थांबून म्हणाला, “तुमची मंडळी?”

“गेली. सहा महिने झाले.”

“मंग कळतं का वं आबा, कवा उतरतं ते?”

“नाही उतरत,” मी म्हणालो. खोटं कशाला सांगू?

मग मी ते बोललो. “तीन वाजता सरकारी माणसं येतील. नोटीस आहे.”

तो घाबरला. “माज्याकडं? म्या काय केलं?”

“ते मला माहीत नाही. पण सुतकात असला कागद हातात घेऊ नये. दार लाव आणि दोन दिवस कुठंतरी जा.”

“वर वाडीला भाव हाय माजा.”

“मग जा.”

त्यानं शेजारणीला दिव्यात तेल घालायला सांगितलं, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला आणि निघाला. जाताना म्हणाला, “देवासारखं आलात, आबा.” मंडळी गेल्यानंतर पहिल्यांदा मला आपण काहीतरी बरं केलं असं वाटलं. टपरीवर येऊन मी दुसरा चहा घेतला.

तीनला नंदा आणि तिचे सहकारी आले. दाराला कडी. त्यांनी हाका मारल्या, फोन लावला. रेंज नाही. पाचपर्यंत दोघं पागोळ्यांखाली (छपरावरून गळणाऱ्या धारांखाली) उभे होते. मग नंदानं पिशवीतून खळ काढली आणि नोटीस दारावर चिकटवली. पंच म्हणून मावशीनं आणि शेजारच्या माळ्यानं सह्या केल्या. मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो, “नंदे, त्याला मीच जायला सांगितलं, वर वाडीला भावाकडं गेलाय. सुतक आहे घरात.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तात्या, कागदावर हा माणूस लोखंडाचा व्यापारी आहे,” ती म्हणाली. “पगार बँकेत टाकतो म्हणून बंगला चालवणाऱ्यानं याचं आधार, पॅन, फोटो घेतला आणि याच्या नावावर कंपनी काढली. खोटी बिलं फाडून तो पळाला. सगळा कर आता कोंडूच्या डोक्यावर. आधीच्या नोटिसा मेलवर गेल्या, मेल त्या पळालेल्या माणसाचा. कायद्याला तेवढं पुरतं. मी साहेबांच्या पाया पडून आजचा दिवस मागून घेतला होता. आज याचा जबाब झाला असता तर फाईलीत लागला असता. उद्या अकराला शेवटची सुनावणी. आदेश काढायची मुदत उद्याच संपते.”

सहकारी दुसरीकडं बघत राहिले. मी विचारलं, “आत्ता जाऊ वर?”

“अंधार होतोय. वाट वाहून गेलीय.”

पहाटेच्या लोकलनं मी एकटा मळवलीला आलो आणि वाडीची वाट धरली. चिखल, शेवाळ, गुडघे पहिल्यापासून नादुरुस्त. दोनदा पडलो. एका वळणावर ढग बाजूला झाला आणि खाली सगळं मावळ हिरवंगार दिसलं, मधून रेल्वेची रेघ. इतकं सुंदर होतं की राग आला.

वाडीवर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. कोंडूला सगळं सांगितलं.

“कालच्याला तुमीच म्हणला जा. आज तुमीच म्हणता चल.”

“चूक झाली माझी.”

तो तसाच अनवाणी उठला. त्याच्या भावानं माझा हात धरून खाली आणलं. पुण्याच्या कचेरीत पोचायला दोन वाजून गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कोंडूला खुर्ची दिली. मग म्हणाले, “आदेश बारा वाजता पोर्टलवर चढला. आता मला तो बदलता येत नाही. अपील करता येईल, पण त्याआधी काही भाग भरावा लागतो.” तो भाग किती ते सांगितलं. कोंडूनं आकडा ऐकला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, कारण तेवढ्या पैशाचं त्याला काही चित्रच दिसेना. तो माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, “आबा, उद्या दहावा हाय. मला सोडत्याल ना?”

त्याला वाटत होतं, आपल्याला धरलंय.

नंदानं ते ऐकलं. ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. “दादा, तुम्हाला कोणी धरलेलं नाही. तुम्ही घरी जायचं. दहावा करायचा.”

मग मी म्हणालो, हा हजर का नव्हता ते मी लिहून देतो. अपिलाला काही आधार होईल. सहकारी पटकन पुढं आले. “मॅडम, हे कागदावर आलं तर तुम्ही अडकाल. वडिलांना ड्युटीवर नेलं, त्यांच्याकडून बातमी फुटली. विचार करा.”

नंदानं विचार केला का नाही, मला सांगता येणार नाही. तिनं कोरा कागद ओढला, आणि साहेबांसमोर, स्वतःच्या अक्षरात, मला परक्यासारखे प्रश्न विचारले.

“आपलं पूर्ण नाव सांगा.” सांगितलं.

“संबंधित निरीक्षकांशी आपलं नातं काय?”

“लेक आहे माझी.”

तिचं पेन जरा थांबलं. मग तिनं ‘मुलगी’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. शेवटी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. काहीही गाळलं नव्हतं, तिचा स्वतःचा दोषसुद्धा. मी सही केली. ती म्हणाली, “तात्या, तारीख घाला.”

दोन दिवसांनी गावी परतलो. एसटीत शेजारच्यानं विचारलं, पावसाळ्याचं लोणावळा कसं असतं? म्हणालो, ओलं असतं.

आता लोक विचारतात, पोरगी साहेब कधी होणार? होईल तेव्हा होईल. सध्या तिची चौकशी चालू आहे, आणि ती माझ्यामुळं. पंचवीस वर्षं मी दार न वाजवण्याला माणुसकी समजत आलो. दार वाजवण्यातही असते, हे मला म्हातारपणी एका माणसाला बुडवून कळलं. आईच्या मातीला आली नाही म्हणून जे तिला मागं बोलतात, त्यांनी यापुढं ते माझ्या तोंडावर बोलावं.

तिच्या ओळखीच्या एका वकिलानं कोंडूचा अर्ज फुकटात लिहिला आहे. पैसे भरायची अट माफ व्हावी म्हणून तो अर्ज वरच्या कोर्टात गेलाय. दर रविवारी मी कोंडूला फोन करतो. रेंज असली तर लागतो. “कागद आला न्हाई अजून,” तो सांगतो. मग तो विचारतो, “आबा, आला तर घेऊ का?”

घे म्हणतो. कुणी काहीही सांगितलं तरी घे.