कुणासंगं बघायचा

रोज सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला दूधकट्ट्यावर भेटणारा हा माणूस शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला आहे. तिथल्या खडखडाटाची सवय, त्यामुळं त्याचं बोलणं सगळ्या कट्ट्याला ऐकू जातं. विषय एकच, कुणी नावही न ऐकलेले परदेशी पिक्चर. गोष्ट मात्र तो कधीच सांगत नाही. कुणाबरोबर बघायचा, तेवढं सांगतो.

"इराणचा हाय. आईसंगं बघा, मधी फोन घेऊ नका."

"ह्यो कोरियाचा. जेवून बसा, त्यात सारखं खात्यात."

"हंगेरीचा लई हळू हाय, पण वहिनीस्नी घेऊन बघा. त्या रडतील. तुम्ही बघून न बघितल्यागत करा."

ही खरंच रडली होती. मी तसंच केलं.

दिवाळीनंतर ही गेली. बऱ्याच दिवसांनी कट्ट्यावर गेलो आणि त्याला म्हटलं, "एखादा सांगा की. आता एकट्यानंच बघायचा."

त्यानं मिशीला लागलेलं दूध पुसलं. पहिल्यांदाच हळू बोलला, "तसला न्हाय माझ्याकडं."

मला रागच आला. एवढे पिक्चर बघितलेला माणूस!

संध्याकाळी तो भडंगाची पुडी घेऊन दारात उभा. पिक्चर त्यानंच लावला. सोफ्यावर माझ्या शेजारची जागा मी त्याला दाखवली.

"ऱ्हाऊ दे ती," म्हणाला आणि पुढं फरशीवर मांडी घालून बसला.

मध्येच मला हुंदका आला. तो मागं वळला नाही. दोघांनाही न कळणाऱ्या त्या भाषेचा आवाज त्यानं रिमोटनं वाढवला.