खंडेनवमीला धुतलेलं मशीन

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचले. पिंपळ, पांढरी साडी, मागून येणारी हाक... वाचायचे आणि भावाला वाचून दाखवून हसायचे. भूतबीत काही नसतं, या मतावर मी आजही ठाम आहे. तरी लिहितेय, कारण मला राग आलाय. वर्ष होत आलं, तो जात नाहीये.

आमचं घर केज तालुक्यात, नांदूरघाटला. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही, आणि सगळ्यावर थोरल्या काकांची सत्ता. मी व्हिडिओ गेममधली दृश्यं बनवते, म्हणजे डोंगर, झाडं, पाणी. गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने नोकरीच्या परीक्षेसाठी एक दृश्य करायला सांगितलं. मी कपिलधारचा धबधबा निवडला. भावाच्या जुन्या कन्सोलवर पाणी म्हणजे हलणारं प्लास्टिक. माझ्या नव्या मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, ग्राफिक्स कार्ड मात्र उन्हाचा किरण कुठे आपटतो, कुठे वळतो, ते स्वतः मोजतं. तुषारांत अडकलेलं ऊन स्क्रीनवर पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी आईला ओढत आणून दाखवलं होतं. पण काकांनी बजावलं होतं — नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मशीन विकायचं आणि गिरणीच्या गल्ल्यावर बसायचं. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी यंत्रं बंद करून, धुऊनपुसून पूजेला मांडतात. मी काकांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की माझं मशीन बंद करू नका, शेवटचं रेंडर चालू आहे. म्हणजे दृश्यातलं एकेक चित्र मशीन हिशोब करून पक्कं करत असतं, मध्ये थांबवलं की गेलं. बाहेरून कुंकू लावा, बास. ते हो म्हणाले. मी आईबरोबर केजला झेंडू आणायला गेले.

परत आले तर अंगणात ट्रॅक्टर, गिरणीची मोटर, भावाची मोटारसायकल... आणि त्यांच्या रांगेत माझं मशीन. बाजूची काच काढलेली. काका पाइप धरून आत पाणी मारत होते. मन लावून, कोपरा न् कोपरा.

मी ओरडले तेव्हा त्यांनी शांतपणे पाइप बाजूला घेतला. “तूच म्हणलीस न्हवं, आत पाणी फिरतंय, त्यानंच गार ऱ्हातंय म्हून? मग वरून पाणी लागलं तर कावून बिघडंल?”

मशीन थंड राहावं म्हणून बंद नळ्यांतून पाणी फिरतं, हे मीच त्यांना कौतुकाने दाखवलं होतं. पण नळीतलं पाणी आणि पाइपचं पाणी यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने हात लावायचा कशाला? हे मी याहून वाईट शब्दांत बोलले. शेजारचे गच्चीवर येऊन बघायला लागले. काकांनी पाणी गळणारं मशीन पाटावर ठेवलं, त्यावर विभूतीचे पट्टे ओढले, नारळ फोडला आणि आरती सुरू केली. मी कडेला रडत उभी होते. पॉवरची वायर माझ्या मुठीत होती. कुणी अतिशहाणा ती जोडेल म्हणून मीच काढून घेतली होती.

आरती संपत आली आणि मशीनच्या आतले दिवे लागले. मग पंखे फिरले, त्यातून उडालेलं पाणी माझ्या पायांवर आलं.

आईने माझ्या मुठीकडे बघितलं. “वायर तर तुझ्याकडंच हाय,” ती हळूच म्हणाली.

मी धावत वर जाऊन स्क्रीन आणि माउस आणले, गिरणीच्या बोर्डावरून स्क्रीनला वीज दिली आणि दोन्ही मशीनला जोडले. समोर धबधबा. काकांनी प्लग उपटला तिथून रेंडर पुढे चाललं होतं. असं होत नाही... मशीन बंद पडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून चालू करावं लागतं. गल्लीभर प्रसाद वाटून होईपर्यंत ते चालत राहिलं. काम संपलं, मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह काढला आणि सगळं विझलं. फाइल भावाच्या लॅपटॉपवरून पाठवली.

मशीन नंतर सुरू झालं नाही. बीडच्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड उघडून बघितला. आत थोडी वीज साठून राहते हे खरं, पण ती क्षणभराची, म्हणाला. शिवाय ओल्या बोर्डात वीज खेळली असती तर जळल्याची खूण दिसली असती. ती कुठेच नव्हती. “भिजल्यानंतर हे चालूच झालेलं न्हाई, ताई.” मी आईला फोन लावून दिला. तिनेही त्याला तेच सांगितलं, जे मी सांगत होते.

नोकरी लागली. पेढे काकांनी वाटले. पूजा केली म्हणून चाललं, असं गावभर सांगत फिरले. आता मी पाइपचा विषय काढला की घरातला प्रत्येक जण मलाच विचारतो, चाललं ना शेवटी? मग कशाला चिडतेस? त्या मशीनने माझी नोकरी वाचवली, मान्य. पण त्याने काकांनाही वाचवलं, आणि ते मला सहन होत नाही. माझं ऐकून, हो म्हणून, माझ्या माघारी त्यांनी हे केलं होतं. ते चालणं-न चालणं नंतरचं.

वाचणाऱ्यांत कुणी इलेक्ट्रॉनिक्सची माणसं असतील तर कारण सांगा. मी सगळं शोधून बसलेय, मला मिळालेलं नाही. कितीही किचकट असू द्या, फक्त खरं असू द्या. मला ते काकांसमोर ठेवायचंय आणि त्यांच्या तोंडून एकदा, एकदाच, ‘माझं चुकलं’ ऐकायचंय.