संदर्भसूचीत मारलेला माणूस

बावीस वर्षांची असताना मी एका जिवंत माणसाला टाइपरायटरवर मारलं. हत्यार म्हणून चारच अक्षरं लागली: एल, ए, टी, ई.

तेव्हा मी नगरजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात टायपिस्ट होते. टेंपररी. वडिलांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत कायम झालीस तर ठीक, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. स्थळाचं नाक मला आवडलं नव्हतं. त्यामुळे माझा सगळा जीव साहेबांच्या शेऱ्यात अडकलेला.

आमचे साहेब ज्वारीवरच्या खोडमाशीचे डॉक्टर. दारावर ‘डॉक्टर’ अशी पाटी असल्यामुळे खोकणारी पोरं घेऊन बायका यायच्या, आणि साहेब त्यांना माशीच्या अळ्या दाखवून परत पाठवायचे. त्यांनी या माशीवर एक पेपर लिहिला होता. पेपर म्हणजे शास्त्रज्ञाने आपल्या कामावर लिहिलेला, जर्नलमध्ये छापायचा निबंध. त्याच्या शेवटी रेफरन्सेस असतात. आपल्याआधी या विषयावर कुणी काय लिहिलं, त्याची यादी. जर्नलने पेपर परत पाठवला. काम चांगलं आहे, पण यादी आमच्या पद्धतीने लावा, म्हणाले.

नेमकी त्याच दिवशी साहेबांची जीप दुष्काळाच्या पाहणीला निघालेली. एक पाय जीपमध्ये ठेवून ते म्हणाले, “मिस सप्रे, आडनाव आधी, इनिशियल्स नंतर, मग साल. एबीसीप्रमाणे लावा आणि आजच टपालात टाका.”

“सर, तुम्ही एकदा नजर टाकाल ना?”

“तुम्ही बी.ए. आहात ना?”

“हो. मराठी घेऊन.”

“मग झालं तर!” जीप गेली. धूळ राहिली. आणि मी.

यादी वाचली आणि मला कसंतरीच झालं. एवढी मोठमोठी माणसं, आणि नुसती आडनावं! जणू कुणी शाळेत हजेरी घेतंय. आमच्या घरी दूधवाल्यालासुद्धा ‘अहो’ म्हणत. मी प्रत्येकाला ‘श्री.’ लावलं. साहेबांच्या ओळखीच्यांना ‘डॉ.’ लावलं. इंग्रजांना ‘श्री.’ शोभेना, म्हणून त्यांना ‘मिस्टर’. काही नावांपुढे ‘एट अल.’ असं होतं. लेखक पुष्कळ असले की पहिल्याचं नाव देऊन बाकीच्यांना या दोन शब्दांत गुंडाळतात. मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी लग्नपत्रिका आठवली आणि लिहिलं, ‘अँड फॅमिली’.

मग सालं पाहिली. काही निबंध माझ्या जन्माच्याही आधीचे. माझ्या जन्माआधी ज्याने निबंध लिहिला तो माणूस अजून जेवतो, फिरतो, चपला शोधतो, हे माझ्या डोक्यात बसेना. अशा सगळ्यांना मी ‘लेट’ लावलं. गेलेल्या माणसाला ‘कैलासवासी’ न लावणं बरं दिसतं का?

शेवटी एबीसीप्रमाणे लावलं. अख्खी यादी डी, एल, एम आणि एस या चार अक्षरांत आटोपली. इंग्रजांनी उगाच सव्वीस केली आहेत असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

दहा-बारा दिवसांनी साहेब परत आले. त्याच आठवड्यात दुपारी एक उंच गृहस्थ काठी आपटत थेट आत शिरले. धोतर, कोट, डोक्याला पटका. साहेब ताडकन उठले. “गवारे सर! तुम्ही?”

“मी न्हाई. माझं भूत,” गृहस्थ म्हणाले, आणि टेबलावर एक तार ठेवली.

हे गवारे म्हणजे खोडमाशीवर आपल्याकडे सगळ्यात आधी काम केलेला माणूस. निवृत्त होऊन मिरजगावला शेती करत होते. जर्नलचे संपादक त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांनी माझी यादी उघडली, ‘लेट श्री गवारे’ वाचलं, डोळे पुसले आणि साहेबांच्या पेपरात वाचल्याचं सांगत मिसेस गवारेंच्या नावाने इंग्रजीत शोकाची तार ठोकली.

“गावात तार आली की आधी रडारड होते, मग ती वाचतात,” गवारे सांगू लागले. “आमची मंडळी रडत बाहेर आली. माणसं जमली. इंग्रजी वाचणारे शाळेचे मास्तर नगरला गेलेले. मग तार माझ्याच हातात दिली. मी मोठ्यानं वाचली. आमची ही म्हणाली, कोण गेलं ते तरी सांगा. म्हटलं, मीच गेलोय.”

मला हसू आलं. त्याच क्षणी स्थळाचं नाक आठवलं आणि हसू गेलं.

“कुणी केलं हे?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “मिस सप्रे, तुमचा शेरा अजून माझ्याकडेच आहे, लक्षात ठेवा.”

“सर, मी आदर म्हणून...”

“शेऱ्याचं मागाहून बघा,” गवारे म्हणाले. “यादीची कॉपी काढा आधी.”

मी कार्बन कॉपी दिली. त्यांनी चष्मा चढवला, बोट फिरवलं आणि एका ओळीवर एकदम भडकले.

“मेलो ते सोडा! पण हे साल? तीन वर्षं आधीचं टाकलंय. त्या साली मी माशी पकडत नव्हतो, परीक्षेत नापास होत होतो!”

“टायपिंग मिस्टेक असणार, सर,” साहेब घाईने म्हणाले.

मी मुकाट्याने साहेबांच्या हस्ताक्षरातला कच्चा कागद पुढे केला. तेच साल.

गवारेंनी कागद पाहिला, मग साहेबांना पाहिलं. “असं करू. हिनं मला मारलं, तुमी मला अडाणी असताना शास्त्रज्ञ केलं. दोघंही चुकलात. आता तुमी सांगा, ही टाइप करंल.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरी, इथं कुणी श्री न्हाई, कुणी कैलासवासी न्हाई. ज्यानं काम केलं त्याचं आडनाव, अन् बरोबर साल. माणसाचा याच्यापेक्षा मोठा मान असतो का?”

संध्याकाळपर्यंत साहेब समोर बसून एकेक साल तपासून सांगत होते आणि मी टाइप करत होते. गवारे शेजारी बसून सुपारी कातरत होते. आणखी दोन सालं चुकीची निघाली. दोन्ही साहेबांची. त्यानंतर माझ्या शेऱ्यात ‘कामात दक्ष’ असं आलं. दिवाळीआधी मी कायम झाले, आणि ते नाक दुसऱ्या घरात गेलं.

तेव्हा गवारे बासष्ट वर्षांचे होते. आज मी त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि दोन्ही वेळ व्यवस्थित जेवते. तेवढ्यावरून सांगते, यादीतल्या माणसाला मारण्याआधी एकदा पत्ता काढावा.

पेपर छापून आला तेव्हा त्याची प्रत द्यायला मी एसटीने मिरजगावला गेले. गवारे रानात होते. काकू ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी वाकून नमस्कार केला, माफी मागितली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तूच व्हय ती? अगं, माफी कशाची मागती? खरं कळायच्या आधीच बातमी गावोगाव गेली, दोन दिवस सोयरेधायरे बसायला येत हुते, येताना भाकरी-पिठलं घेऊन येत हुते, मला चूल पेटवावी लागली न्हाई. आता पुढच्या बारीला ह्यांना मारशील तवा हुरड्याच्या दिवसांत मार, तवा पाव्हणे लई येत्यात.”