शांतवनदादाचा पिठाचा डबा

दादा गेल्यापासून आमच्या घरी माणसं येतात. रडतात, चहा घेतात आणि उठताना उंबऱ्याशी थांबून दादाचा एखादा किस्सा सांगतात. येताना कोणी हसत येत नाही, जाताना बरेच जण हसत जातात. दोन महिन्यांत घरातली चहापत्ती तीनदा संपली, किस्से मात्र वाढतच चाललेत.

दादा म्हणजे शांतवन, माझा थोरला भाऊ. अकोल्यातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती देवळात तो मुठीचं काम बघायचा. मूठ म्हणजे असं, की मंडळीतल्या प्रत्येक घरी बाई भाकरीसाठी परातीत पीठ घ्यायची, तेव्हा एक मूठ वेगळी काढायची. शनिवारी दादा सायकलला डबा बांधून जठारपेठेपासून स्टेशनापर्यंत घरोघर फिरायचा. रविवारी उपासना संपली की देवळामागे चूल पेटायची आणि येईल त्याला भाकर आणि पातळ वरण. कापसाच्या जिन बंद असल्या की रांग फाटकाबाहेर जायची.

रांगेत कोणाला जात, धर्म, नाव, काही विचारायचं नाही, हा दादाचा नियम. "भुकेल्याले नाव विचारलं का तो आधी लाजते, मंग खोटं सांगते. दोन्ही पापं आपल्या माथी."

---

हा नियम सालोमनमास्तरांना मान्य नव्हता. मास्तर म्हणजे आमच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. त्यांना सगळं सारखं आणि सरळ रेषेत लागायचं. एकदा त्यांनी सभेत मुद्दा काढला, की घरोघरची मूठ लहानमोठी असते, हे बरोबर नाही. मंडळीत एकच मूठ प्रमाण धरावी.

"कोणाची धराची?" दादानं विचारलं.

"माझी धरा," मास्तर म्हणाले.

दादानं तिथेच डबा आणला. मास्तरांनी पीठ घेऊन मूठ वळली. मग दादानं बायकांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांच्या मुठी मास्तरांपेक्षा मोठ्या निघाल्या. शेवटी मास्तरांच्या सासूबाई एस्तेरबाई उठल्या. वय सत्तरीचं, हात चिमणीच्या पायासारखे. त्यांचीही मूठ जावयापेक्षा मोठी!

ठराव मास्तरांनीच मागे घेतला.

---

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, त्या वर्षी कमिटीनं कार्डं छापली. रांगेत कोणीही उभं राहतं, तेव्हा खऱ्या गरजूंना कार्ड द्यावं आणि कार्ड बघूनच भाकर द्यावी, असं ठरलं. कार्डावर मोठ्या अक्षरात 'गरजू'. वाटायला खुद्द मास्तर टेबल-खुर्ची टाकून बसले.

पहिल्याच नंबरला एस्तेरबाई.

"आई, तुमी काहून?"

"मले दे एक."

"घरी जेवाले नाही भेटत का तुमाले?"

"भेटते ना," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण घरी मले कोणी 'घ्या अजून' म्हणत नाही. शांतवन म्हणते."

पुढच्या रविवारी दादानं त्याच कार्डांनी चूल पेटवली. चांगली जाड होती, लवकर पेटली.

---

मग मास्तरांनी आणखी एक सुधारणा केली. आधी वचन, मग भाकर. रांगेतल्यांनी आत बसून उपदेश ऐकावा, नंतर जेवावं. दादानं सगळ्यांना आत आणून मागच्या बाकांवर बसवलं.

पाळकसाहेब भला माणूस, पण बोलायला लागले की घड्याळाकडे त्यांची पाठ असायची. त्या दिवशी विषय होता, प्रभूनं पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली त्याचा. तास झाला. त्या भाकरी अजून टोपलीतच. मागून वरणाचा वास येत होता.

शेवटी मागच्या बाकावरून सखारामबाबा उठून उभा राहिला. आधी जिनमध्ये हमाल होता, पाठ गेल्यापासून रांगेतला पहिला माणूस. हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमचं पुरं होऊ द्या. पण त्या पाच भाकरी आधी वाटून टाका ना. गार होऊन राहिल्या."

पाळकसाहेबांनी तिथेच आशीर्वाद देऊन उपासना संपवली. पुढच्या रविवारपासून आधी भाकर, मग वचन.

---

या सखारामबाबाकडे दोन फेटे होते. लाल फेटा बांधून तो पहिल्या नंबरला यायचा. भाकर घेऊन भिंतीमागे जायचा आणि पांढरा फेटा बांधून रांगेच्या शेवटी उभा राहायचा. पूर्ण देवळाला माहीत होतं. मी एकदा त्याचा हात धरला, तर दादानं माझाच धरला.

"बाबा," दादा त्याला म्हणाला, "तुमचा भाऊ आत्ताच येऊन गेला. चेहरा लय मिळते तुमचा."

"जुळे आहोत आमी," सखारामबाबा म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी दादा दुसऱ्या भाकरीसोबत विचारायचा, "भाऊ बरा आहे ना?"

---

यंदा पावसाळ्यात दादाला कावीळ झाली. अकरा दिवसांत गेला.

मास्तर कमिटीत म्हणाले, शांतवन होता तोवर ठीक होतं, आता हे बंद करावं. मी म्हणालो, मी चालवतो. ते म्हणाले, तू चौथी नापास. मी डब्याचं झाकण त्यांच्या अंगावर फेकलं. ते भिंतीला लागलं.

"नेमही चौथी नापासच," मास्तर म्हणाले.

पण मग चष्मा पुसत बसले. डोळ्यांवर चढवून म्हणाले, "चालव. ज्या रविवारी चूल पेटणार नाही, त्या दिवशी बंद."

शनिवारी दादाच्या सायकलवर निघालो. घंटी तीच, डबाही तोच. प्रत्येक घरातून घंटी ऐकून बाई धावत बाहेर यायची, मला बघायची आणि रडायला लागायची. मग मीही रडायचो. कोणी चहा दिला, कोणी डोक्यावरून हात फिरवला. सगळी घरं फिरून झाली. रडण्यात मुठीची कोणालाच आठवण राहिली नाही, मलाही नाही.

परतताना जिनच्या फाटकाशी सखारामबाबा बसला होता.

"काहून रे, भरला का?"

मी डबा उलटा करून दाखवला.

---

रविवारी रांग लागली. चूल थंड होती. मास्तर दारात उभे होते, हात मागे बांधून. मी चुलीपाशी डबा घेऊन बसलो आणि म्हणालो, "आज काही नाही. जा तुमी."

कोणी हललं नाही. लाल फेट्यातला सखारामबाबा पुढे आला. धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि डब्यात एक मूठ पीठ टाकलं. मग भिंतीमागे गेला.

मागच्या बाईनं पदराची गाठ सोडली. तिच्या मागच्यानं टोपी काढली, टोपीत पीठ होतं. एकेक जण टाकत गेला.

रांगेच्या शेवटी पांढरा फेटा आला. मूठ वळलेलीच होती.

"बाबा," मी म्हणालो, "तुमचा भाऊ आत्ताच येऊन गेला."

"तो त्याची टाकून गेला," सखारामबाबा म्हणाला. "हे माही."